गाडी चालवू नये अशांनाही गाडीच चालवावी लागते, तिथली गोष्ट

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: रस्त्यावर इतके लोक इतकी वाईट गाडी चालवतात, तर यांना लायसन्स मिळतंच कसं? परीक्षा कडक करावी, दंड वाढवावा, दोनदा चुकला की लायसन्स जप्त, असं का होत नाही? शेवटी दोन गोष्टी तुम्ही ओझरत्या लिहिल्यात. एक, तुमच्या भागातल्या बस रिकाम्याच धावतात, मग त्यांच्यावर आणखी पैसा कशाला घालायचा. दुसरी, तुमच्या ७६ वर्षांच्या वडिलांनी गेल्या महिन्यात मागे घेताना गाडी फाटकावर घातली आणि त्यांच्याकडून चाव्या घ्याव्यात की नाही यावरून घरात वाद चालू आहे.

मी बसचे मार्ग आणि वेळापत्रकं आखण्याचं काम बरीच वर्षं करते. माझ्या मते तुमचे हे तिन्ही प्रश्न एकच आहेत. वडिलांच्या चाव्या घ्यायला तुमचं मन धजत नाही, कारण गाडी गेली तर ते दवाखान्यात, बँकेत, मित्रांकडे जाणार कसे हे तुम्हाला ठाऊक नाही. परीक्षा घेणारा अधिकारी आणि निकाल देणारा न्यायाधीश नेमके इथेच अडतात.

जिथे साधं औषध आणायलाही गाडी काढावी लागते, तिथे सगळेच गाडी चालवतात. रात्रपाळी करून डोळे मिटत असलेला चालवतो, चष्म्याचा नंबर वाढलाय हे माहीत असूनही टाळाटाळ करणारा चालवतो, झोप आणणारी गोळी घेतलेला चालवतो, मनातून गाडीची भीती वाटणारी बाई दात-ओठ खाऊन चालवते. यांतल्या कित्येकांना गाडी चालवायची हौसच नसते. मागून तुम्ही हॉर्न वाजवता तेव्हा पुढचा माणूस हेकट आहे असं तुम्हाला वाटतं; बऱ्याचदा तो घाबरलेला असतो.

अशा ठिकाणी परीक्षा कडक करून बघा. निम्मे नापास झाले, तर निम्म्यांची नोकरी जाण्याची वेळ येते, आणि कुठलंही प्रशासन ते फार दिवस सोसत नाही. वर्षा-दोन वर्षांत परीक्षा पुन्हा सैल होते, उघडपणे नाही तर हळूच. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत लायसन्स निलंबित झालेल्यालाही कामावर जाण्या-येण्यापुरती मर्यादित परवानगी मिळू शकते. हा कायद्याचा ढिलेपणा आहे असं म्हणता येईल, पण तिथल्या बहुतेक गावांत गाडीशिवाय कामावर पोचताच येत नाही, हे कायदा करणाऱ्यांना माहीत आहे. शिवाय ज्यांचं लायसन्स खरंच जातं त्यांतले बरेच जण विनालायसन्स गाडी चालवत राहतात, आणि मग त्यांचा विमाही लागू होत नाही.

कडकपणाचा काहीच उपयोग नाही असं मात्र नाही. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत आणली: नवशिक्याने आधी सोबत जाणता चालक घेऊन चालवायचं, मग एकट्याने पण रात्री उशिरा नाही आणि मित्रांना भरून नाही, आणि शेवटी पूर्ण लायसन्स. तरुणांचे अपघात कमी करण्यात ही पद्धत चांगली ठरली आणि पुढे इतर देशांनीही ती उचलली. उलट नॉर्वेत नवीन चालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं सक्तीचं शिक्षण दिलं, तर तरुण मुलांचे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले. आपल्याला जमतं असं वाटलं की माणूस वेग वाढवतो. दंडाचंही तसंच आहे. रक्कम दुप्पट केल्याने फारसा फरक पडत नाही. चुकलो तर नक्की पकडले जाऊ, हे कळलं की पडतो. वर्षातून एकदा पडणाऱ्या जबर दंडापेक्षा दर वेळी टिपणारा कॅमेरा जास्त काम करतो, मग त्याचा दंड किरकोळ का असेना.

आणि एक भाग असा आहे जो लायसन्सशी संबंधितच नाही, तो रस्त्याचा. तुमच्या जवळचा एखादा चौक पाहा. फूटपाथच्या कोपऱ्याची गोलाई ऐसपैस असेल, तर गाडी ब्रेकला पाय न लावता वळते, आणि वळताना चालकाची नजर येणाऱ्या गाड्यांकडे असते, झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकणाऱ्याकडे नसते. तोच कोपरा काटकोनाकडे झुकवला की तोच चालक वेग कमी करतो. त्याला कुणी शिकवावं लागत नाही. वेगाचा हिशोबही एकदा मनात ठेवण्यासारखा आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो असं धरा. ताशी ३० किलोमीटरची गाडी कोरड्या रस्त्यावर एकूण १७-१८ मीटरमध्ये उभी राहते. ताशी ५० ची गाडी त्या दीड सेकंदातच जवळपास २१ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबली, तिथून दुसरी ब्रेक लागायच्या आधीच पूर्ण वेगात निघून जाते. समोर मूल असेल तर दोन्ही चालक तितकेच चांगले किंवा तितकेच वाईट असूनही निकाल वेगळा लागतो. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली 'व्हिजन झिरो' हे धोरण स्वीकारलं ते याच विचारातून: माणूस चुकणारच, तेव्हा त्याची चूक जीवघेणी होणार नाही असे रस्ते आणि वेग ठरवणं ही ते ठरवणाऱ्यांची जबाबदारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११.९ लाख माणसं रस्त्यांवर मरतात, आणि त्यांत निम्म्याहून अधिक पायी चालणारे, सायकलवाले आणि दुचाकीवाले असतात. इतकी सगळी माणसं एखाद्या कडक परीक्षेने वाचतील असं मला वाटत नाही.

आता रिकाम्या बसकडे येते. हे माझ्या रोजच्या कामातलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बस रिकामी दिसते तेव्हा पहिला प्रश्न मी विचारते तो असा: पुढची बस किती वेळाने आहे? अर्ध्या तासाने असेल, तर थांब्यावर सहज येणाऱ्याला सरासरी १५ मिनिटं थांबावं लागतं, आणि एक चुकली तर पूर्ण अर्धा तास. मध्ये बस बदलायची असेल आणि दुसरा मार्गही अर्ध्या तासाचाच असेल, तर हिशोब कोलमडतो. थांब्यावर काढलेली मिनिटं माणसाला बसमध्ये बसून काढलेल्या मिनिटांपेक्षा कितीतरी लांब वाटतात, हे प्रवाशांच्या वागण्यात दर वेळी दिसतं. फ्रिक्वेन्सी, म्हणजे दोन बसमधला वेळ, दहा मिनिटांवर आली की लोक वेळापत्रक बघणं सोडतात आणि सरळ घराबाहेर पडतात. अर्ध्या तासाची बस चालते ती फक्त ज्यांच्याकडे दुसरा काहीच इलाज नाही त्यांच्यासाठी. ते थोडे असतात, म्हणून बस रिकामी. ती रिकामी म्हणून पुढच्या वर्षी फेऱ्या कमी होतात, आणि उरलेल्यांतले काही गाडी घेतात.

"मग दहा मिनिटांची का करत नाही?" असं लोक विचारतात. एक मार्ग हिशोबाला घेऊ. लांबी १२ किलोमीटर, गर्दीतून सरासरी वेग ताशी १६. एका बाजूला ४५ मिनिटं, जाऊन-येऊन ९०, आणि दोन्ही टोकांना मिळून १० मिनिटं राखीव, म्हणजे उशीर झाला तर तो पुढच्या फेरीवर जाऊ नये आणि चालकाला पाणी प्यायला, पाय मोकळे करायला वेळ मिळावा. एकूण १०० मिनिटं. दहा मिनिटांच्या फ्रिक्वेन्सीला १० बस लागतात. आता समजा रस्त्याची एक लेन बसला दिली, थांब्यावर चढण्याआधीच तिकीट काढण्याची सोय केली आणि सिग्नलला बसला थोडं झुकतं माप दिलं. वेग ताशी २० झाला. एका बाजूला ३६ मिनिटं, दोन्ही मिळून ७२, आणि बस वेळेवर येऊ लागली की राखीव वेळही ८ मिनिटांवर आणता येते. फेरी ८० मिनिटांची. त्याच १० बस, तेच चालक. फ्रिक्वेन्सी मात्र आठ मिनिटांची. एकही नवीन बस घेतली नाही. म्हणून नव्या कोऱ्या बसच्या उद्घाटनाचा फोटो छापून येतो तेव्हा मी लेन कुठे आहे ते शोधते. बहुतेक वेळा सापडत नाही.

दुसरा प्रश्न शेवटच्या बसचा. संध्याकाळी शेवटची बस आठला सुटत असेल आणि एखाद्याला कामावरून कधी सात तर कधी नऊ वाजत असतील, तर तो सकाळची बससुद्धा घेत नाही, कारण परतीची खात्री नाही. मग सकाळची बस रिकामी दिसते. रात्री दहाच्या बसमध्ये चारच माणसं असतात, म्हणून ती बंद करा असा आग्रह दरवर्षी होतो. ती बंद झाली की सकाळच्या फेऱ्यांचे प्रवासी घटतात, आणि कागदावर या दोन गोष्टींचा संबंध कुणी लावत नाही.

तिसरा प्रश्न थांब्यापर्यंतच्या वाटेचा. नकाशावर थांबा घरापासून ४०० मीटर दिसतो. प्रत्यक्षात मध्ये वसाहतीची लांबलचक भिंत असते, फाटक पलीकडच्या टोकाला असतं, आणि वळसा घालून एक किलोमीटरच्या वर चालावं लागतं. भिंतीत एक माणूस जाईल एवढं दार काढणं हा कधीकधी सगळ्यात स्वस्त उपाय असतो. आणि बसने जाणाऱ्याला जाताना किंवा येताना, एकदा तरी तो रुंद रस्ता ओलांडावाच लागतो, कारण परतीचा थांबा पलीकडे असतो. तिथे क्रॉसिंग धड नसेल तर आई मुलीला बसने पाठवत नाही, गाडीने सोडते. तुमच्या भागातल्या शाळेसमोरची सकाळची कोंडी यातूनच होत असण्याची शक्यता बरीच आहे.

हे सगळं एकत्र बदलता येतं, आणि ठिकठिकाणी बदललंही आहे. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये १ जुलै २००४ रोजी बसची पूर्ण फेररचना झाली: मार्ग कामानुसार चार रंगांत विभागले, रस्त्याच्या मधोमध बससाठी लेन आल्या, बस आणि मेट्रो मिळून अंतरानुसार एकच भाडं लागू झालं. सुरुवातीचे दिवस गोंधळाचे गेले, पण पद्धत टिकली. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये खर्च फारसा न वाढवता बसचं अख्खं जाळं एका रात्रीत बदललं. वेडेवाकडे, सगळ्यांच्या दारावरून जाणारे मार्ग कमी केले आणि सरळ, वारंवार बस धावणारे मार्ग वाढवले, शनिवार-रविवारसुद्धा. सुट्टीच्या दिवसांचे प्रवासी त्यानंतर लक्षणीय वाढले. मात्र काही लोकांना थांब्यापर्यंत आधीपेक्षा जास्त चालावं लागलं, आणि ही किंमत आधीच उघड सांगावी लागते. दारासमोरची पण तासाने येणारी बस, की थोडं चालून गेल्यावर लगेच मिळणारी? त्याच पैशांत दोन्ही देता येत नाही. यावर बैठकींमध्ये आवाज चढतात आणि ते मला गैर वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाचं उत्तर वेगळं असणारच.

गंमत म्हणजे रस्ता रुंद करून काय होतं हेही ह्यूस्टनमध्येच पाहायला मिळतं. तिथला केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन झाल्या, आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

हे सगळं परिस्थितीवर खूप अवलंबून आहे, हे मान्यच. घरं दाटीने असतील, तर दहा मिनिटांची बस परवडते. दूरदूर विखुरलेल्या वस्तीत ती परवडणार नाही. तिथे फोन केल्यावर येणारी लहान गाडी, ठरावीक वारी बाजार-दवाखान्याची फेरी, किंवा मोठ्या रस्त्यावरच्या थांब्यापर्यंत सुरक्षित सायकलवाट, असं काहीतरी जमवावं लागतं. चढ-उतार फार असतील तर सायकलचं गणित बदलतं. पाळीत काम करणाऱ्यांचा कारखाना असेल तर वेळापत्रक भोंग्याला जुळवावं लागतं. आणि काहींना गाडी लागणारच: अवजारं घेऊन फिरणारा प्लंबर, चाकाच्या खुर्चीतलं माणूस घेऊन जाणारं कुटुंब. बाकीच्यांची गाडी काढण्याची सक्ती गेली, तर रस्ता यांनाच मोकळा मिळतो.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं की कडक व्हावंच, पण क्रम सांभाळून. स्टॉकहोमने २००६ च्या जानेवारीत शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर प्रायोगिक शुल्क लावलं. त्याच्या काही महिने आधी, २००५ च्या ऑगस्टमध्ये, जादा बस सुरू केल्या. शुल्क लागल्यावर, जिथे ते घेतलं जायचं त्या शहराच्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. प्रयोग थांबवल्यावर ती बरीचशी परत वाढली. सप्टेंबरमध्ये शहराने सार्वमतात कौल दिला आणि २००७ मध्ये शुल्क कायम झालं. आधी शुल्क आणि मग कधीतरी बस असं केलं असतं, तर तो कौल मिळाला असता असं मला वाटत नाही. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने तर १९७७ मध्येच शहराच्या मध्यभागाचे चार भाग केले: एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्याने फिरून यावं लागतं, सायकलने आणि पायी मात्र सरळ जाता येतं. बंदी कुणालाच नाही. जवळच्या कामाला गाडी काढणं फक्त कटकटीचं झालं. लायसन्स अवघड करायचं असेल, उतारवयात दृष्टी आणि प्रतिक्रियेची तपासणी सक्तीची करायची असेल, तर अशा ठिकाणी ते करता येतं, कारण नापास झालेला माणूस दुसऱ्या दिवशी बसने कामावर जातो.

आता वडिलांचं. जपानमध्ये १९९८ पासून लायसन्स स्वेच्छेने परत करण्याची सोय आहे, आणि परत करणाऱ्या ज्येष्ठांना ठिकठिकाणी बस-टॅक्सीत सवलत मिळते. २०१९ मध्ये टोकियोत एका अतिवृद्ध चालकाच्या गाडीखाली आई आणि लहान मुलगी गेली, आणि त्या वर्षी सुमारे ६ लाख लोकांनी लायसन्स परत केलं. जिथे बस नाही अशा खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना मात्र ते परत करणं अजूनही जड जातं. तुमच्या घरातला वाद काही वेगळा नाही.

चाव्यांपासून सुरुवात करू नका. ते आठवड्यात कुठे कुठे जातात ते त्यांच्याच सोबत बसून लिहून काढा. रात्रीचे, पावसातले आणि समोरून येणाऱ्या वाहनांना छेदून वळावं लागणारे प्रवास आधी सोडवा, कारण धोका तिथे जास्त. एक-दोन ठिकाणी बसने जाता येत असेल, तर पहिल्या वेळी तुम्ही सोबत जा. तिकीट कसं काढायचं, कुठे उतरायचं, परतीचा थांबा कुठे, हे एकदा पाहिलं की निम्मी भीती जाते. नवीन माणसाला विचारायची लाज वाटते म्हणून कित्येक ज्येष्ठ बसच टाळतात. गाडीचा वर्षाचा विमा, दुरुस्ती आणि इंधनाचा आकडा काढा आणि तेवढ्यात किती टॅक्सी होतील ते त्यांना दाखवा. हिशोबी माणसाला हे पटतं. डोळे तपासा, आणि चालू असलेल्या गोळ्यांनी झोप येते का हे डॉक्टरांना विचारा. बस चालवणाऱ्या संस्थेला पत्र लिहाल तेव्हा "बस वाढवा" एवढंच लिहू नका. दुपारची फ्रिक्वेन्सी, शेवटच्या बसची वेळ आणि थांब्यासमोरचं क्रॉसिंग, या तीन गोष्टी नेमक्या मागा. असं पत्र माझ्या टेबलावर आलं तर मला त्यावर काहीतरी करता येतं.

पण या सगळ्याच्या आधी, गाडी फाटकावर गेली तेव्हा नेमकं काय झालं ते त्यांच्याकडून न रागावता काढून घ्या. अंतराचा अंदाज चुकला असेल, तर वर लिहिलंय ते सगळं महिना-दोन महिन्यांत सावकाश करता येईल. ब्रेक समजून ॲक्सिलरेटरवर पाय पडला असेल, तर बसच्या फ्रिक्वेन्सीची वाट पाहू नका. गाडी आजच बंद करा, आणि दुसरी सोय लागेपर्यंत त्यांना नेण्या-आणण्याच्या पाळ्या घरात वाटून घ्या.